घरी नेट बघायला टॅब्लेट घेताय? आधी त्यावर पेपरचं एक पान उघडून बघा

तुम्ही विचारलंय की गावी आईवडिलांना पेपर वाचायला, यूट्यूब बघायला आणि अधूनमधून काही शोधायला टॅब्लेट द्यायचाय, खर्च १५ हजारांच्या वर जायला नको, आणि ७-८ हजारांतला घेतला तर भागेल का. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो धडा मी स्वतः पैसे घालून शिकलेय.

२०२२ च्या दिवाळीत मी कराडला बाबांसाठी असाच एक घेतला होता. १० इंची, ७ हजारांना. कंपनीचं नाव त्याआधी कधी ऐकलेलं नव्हतं. खोक्यावर रॅमचा मोठा आकडा छापलेला, सोबत कव्हर फुकट. बाबा एसटीतून निवृत्त झालेले, सकाळी दोन पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची सवय. मला वाटलं, आता सगळे ई-पेपर एका जागी मिळतील, खूश होतील. पंधरा दिवस त्यांनी हौसेनं वापरला आणि मग तो टीव्हीशेजारी जाऊन पडला. विचारलं तर म्हणाले, "डोळे दुखतात गं." मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन सहाच महिने झाले होते, म्हणून डॉक्टरांकडे घेऊन गेले. डोळे उत्तम, चष्म्याचा नंबरही तोच. आणि छापील पेपर तर ते खिडकीपाशी बसून आरामात वाचत होते.

मग एका संध्याकाळी मीच त्यांच्याशेजारी बसून त्या टॅब्लेटवर अग्रलेख वाचायला घेतला. दुसऱ्या परिच्छेदातच कळलं. रफार शिरोरेषेत मिसळून जात होता, अनुस्वार आहे की नाही ते कळत नव्हतं, 'द्ध' आणि 'द्व' सारखेच दिसत होते. शब्द वाचायचा नाही, ओळखायचा. तासभर असं केलं तर कुणाचेही डोळे दुखतील.

यामागचं कारण साधं आहे आणि दुकानात ते कुणी सांगत नाही. त्या टॅब्लेटचा पडदा १२८० बाय ८०० पिक्सेलचा, म्हणजे ठिपक्यांचा, होता. उभा धरला की रुंदीत ८०० ठिपके. आता पेपरचं पूर्ण पान आठ रकान्यांचं असतं, म्हणजे एका रकान्याच्या वाट्याला आले जेमतेम १०० ठिपके. त्यात अक्षर, काना, मात्रा, वेलांटी, उकार, जोडाक्षर, सगळं बसवायचं. इंग्रजी अक्षराला वरखाली फारसं काही नसतं, त्यामुळे ते एवढ्यात कसंबसं निभावतं. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर एक मजला आणि अक्षराच्या खाली एक मजला. कमी ठिपक्यांचा पहिला फटका त्या बारीक खुणांना बसतो, आणि त्या गेल्या की शब्दाचा अर्थच बदलतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: मराठी वाचण्यासाठी टॅब्लेट घेत असाल तर रॅम, कॅमेरा, प्रोसेसर या सगळ्याच्या आधी पडद्याचे ठिपके मोजा. १९२० बाय १२०० च्या खाली जाऊ नका. १० इंचांवर १२८० बाय ८०० म्हणजे एका इंचात १५० च्या आसपास ठिपके. ११ इंचांवर १९२० बाय १२०० म्हणजे २०६. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण डोळ्यांना पहिल्या मिनिटात कळतो. जाहिरातीत नुसतं 'एचडी' लिहिलं असेल तर ते बहुतेक वेळा १२८० बाय ८०० च असतं, 'फुल एचडी' हा शब्द शोधा.

आकाराचंही सांगते. ११ इंची टॅब्लेट उभा धरला तर पडदा साधारण १५ सेंटिमीटर रुंद असतो, आणि छापील पेपरचं पान ३३ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे ११ इंचांवरही पान निम्म्याहून लहान होतं, बोटांनी मोठं करूनच वाचावं लागतं. पण एकदा दोनतीन रकाने पडद्यावर आले की पुढचं सरकवणं सोपं जातं. ८ इंचांवर प्रत्येक बातमीला पान डावीकडे-उजवीकडे ओढत बसावं लागतं. एका हातात धरून झोपून व्हिडिओ बघायचे असतील तर ८ इंची बरा; सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए९ हा ८.७ इंची, ३३२ ग्रॅमचा आहे, हातात हलका लागतो. पण त्याचा पडदा १३४० बाय ८०० चा. तुमच्या घरी पेपर वाचला जाणार म्हणताय, तर तो मी सुचवणार नाही.

मग कोणता? बाबांना दुसऱ्यांदा मी २०२४ मध्ये रेडमी पॅड एसई घेतला, तेव्हा तो १३ हजारांच्या आसपास होता. ११ इंच, १९२० बाय १२००, ८००० एमएएचची बॅटरी, चार स्पीकर. बाबा रोज दोनअडीच तास वापरतात आणि तीन दिवसांनी एकदा चार्जिंगला लावतात. आज घ्यायचा झाला तर मी आधी रेडमी पॅड २ बघेन. तो २०२५ मध्ये १३,९९९ रुपयांपासून सुरू झाला आणि त्याचा पडदा २५६० बाय १६०० चा आहे, म्हणजे इंचाला २७४ ठिपके. वरचा रकान्यांचा हिशेब करून बघा, एका रकान्याला २०० ठिपके मिळतात. जोडाक्षरं छापल्यासारखी दिसतात. सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए९ प्लसही ११ इंची आणि १९२० बाय १२०० चा आहे. तो तुमच्या आकड्याच्या वर जाण्याची शक्यता आहे, पण दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये खाली येतो. तुमच्या गावाजवळ ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर असेल तिला एक गुण जास्त द्या. चार्जिंगचा पॉइंट खराब झाला म्हणून आईवडिलांना एसटीनं जिल्ह्याच्या गावी जावं लागू नये.

आयपॅडचा आकार पेपरच्या पानाला जास्त जुळतो, तो थोडा रुंद असतो, आणि पडदाही अप्रतिम. पण नवा साधा आयपॅड २०२५ मध्ये ३४,९०० ला आला. तुमच्या कामासाठी एवढे पैसे घालायची खरंच गरज नाही.

रॅम ४ जीबी किमान, ६ मिळाली तर उत्तम. बातम्यांच्या साइट जाहिरातींनी जड झालेल्या असतात. रॅम कमी असली की एक बातमी वाचताना दुसरीकडे जाऊन परत आलात तर पान पुन्हा पहिल्यापासून उघडतं, आणि वाचणारा माणूस वैतागतो. आपण कुठे होतो तेच सापडत नाही. इथे एक फसवणूक ओळखून ठेवा. '४ + ४ = ८ जीबी' असं लिहिलेलं असतं, त्यातली दुसरी ४ ही रॅम नसते, स्टोरेजमधली जागा रॅमसारखी वापरलेली असते आणि ती फार हळू चालते. पहिलाच आकडा खरा धरा. माझ्या त्या पहिल्या टॅब्लेटच्या खोक्यावर नुसती बेरीज छापलेली होती. स्टोरेज ६४ जीबी तरी हवं, कारण त्यातली बरीचशी जागा अँड्रॉइडच खातो. कॅमेऱ्याकडे बघूच नका, नातवंडांशी व्हिडिओ कॉलपुरता सगळ्यांचा चालतो.

कुणी जुना वापरलेला स्वस्तात देत असेल तर अँड्रॉइडची आवृत्ती विचारा. क्रोम ब्राउझरच्या नव्या आवृत्त्या २०२५ पासून अँड्रॉइड १० किंवा त्यापुढेच चालतात. अँड्रॉइड ८ किंवा ९ वरचा टॅब्लेट आज चालू दिसेल, पण त्याचा ब्राउझर यापुढे जुनाच राहणार, आणि सुरक्षेचे अपडेट नसलेला ब्राउझर वडीलधाऱ्यांच्या हातात द्यायला मला भीती वाटते.

आता वायफाय की सिमवाला. घरी ब्रॉडबँड असेल तर नुसता वायफायचा घ्या, दीडदोन हजार वाचतात. एक गोष्ट मात्र आधीच माहीत असू द्या: सिम नसलेल्या टॅब्लेटवर यूपीआय चालत नाही, कारण नोंदणीच्या वेळी बँकेत दिलेल्या नंबरच्या सिमवरून एसएमएस जावा लागतो. मला तर हे सोयीचंच वाटतं. बाबा त्यावर कुठलीही लिंक उघडतात, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं सगळं दाबून बघतात. बँक त्या यंत्रात नाहीच म्हटल्यावर मला पुण्यात शांत झोप लागते. व्हॉट्सअ‍ॅप फोनवरचंच टॅब्लेटला जोडता येतं, वेगळं सिम लागत नाही.

घर जुनं आहे का तेही कळवा. आमचं घर दगडी, भिंती दीडदोन फुटी. राउटर माडीवर आणि बाबांची खुर्ची सोप्यात. राउटर दोन प्रकारचं वायफाय देतो: ५ गिगाहर्ट्झचं त्या भिंतीतून येईचना, २.४ चं येतं, थोडं हळू पण स्थिर. राउटरवर दोन्ही नावं दिसत असतील तर टॅब्लेट २.४ ला जोडून ठेवा आणि दुसरं नाव त्यातून काढून टाका, म्हणजे तो आपोआप भलतीकडे जात नाही.

नेटफ्लिक्स, प्राइम वगैरे बघणार असतील तर वाइडवाइन एल१ आहे का बघा. ही व्हिडिओच्या हक्कांची कुलूपव्यवस्था आहे. एल३, म्हणजे खालची पातळी, असेल तर पडदा कितीही चांगला असला तरी या ॲपवर चित्र पुसट, ४८० पीचंच मिळतं. यूट्यूबला याची गरज नाही.

दुकानात जाऊन बघता आलं तर फार बरं. डेमोचा टॅब्लेट मागा, त्यावर तुमच्या वडिलांचा जो पेपर असेल त्याचा ई-पेपर उघडा आणि अग्रलेखाचं पान वाचून बघा. दुकानदार चकचकीत व्हिडिओ लावून देतो. त्यात समुद्र आणि फुलपाखरं कुठल्याही पडद्यावर छानच दिसतात. अनोळखी कंपनीचा घ्यायचाच झाला तर खोक्यावरचा 'आर' अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा. क्रमांक नसेल किंवा दुसऱ्याच वस्तूचा निघाला तर तिथून बाहेर पडा.

देण्याआधी एक संध्याकाळ तो स्वतःजवळ ठेवा, एवढं मी आग्रहानं सांगते. आईवडिलांसाठी नवीन गूगल खातं उघडा आणि त्याला कार्ड जोडू नका. सेटिंगमध्ये फॉन्ट आणि डिस्प्ले दोन्ही एकेक पायरी मोठे करा. आलेली अर्धी ॲप काढून टाका, नोटिफिकेशन बंद करा, पेपरांचे ई-पेपर पहिल्याच पडद्यावर आणून ठेवा. आणि जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये, मराठी घालून माइकचं बटण दाखवा. बाबांना टाइप करायचा कंटाळा, पण जुलै उजाडला की ते सकाळी माइक दाबून म्हणतात, "कोयना धरण पाणीसाठा आज." कराड कृष्णा-कोयनेच्या संगमावर, धरण १०५ टीएमसीचं, किती भरलं, दरवाजे किती फुटांनी उचलले, किती क्युसेक सोडलं, हे आम्हाला फोनवर त्यांच्याकडूनच कळतं. ज्या माणसानं टॅब्लेट टीव्हीशेजारी ठेवून दिला होता तोच हा माणूस.

अर्धा किलोचा टॅब्लेट तासभर हातात धरवत नाही, त्याचीही सोय बघा. दोनतीनशे रुपयांत स्टँड मिळतो. बाबांनी मात्र आजीचं पोथी वाचायचं लाकडी व्यासपीठ माळ्यावरून काढलं, पुसलं, आणि त्यावर तो ठेवतात. पान बरोबर डोळ्यांसमोर येतं.

तो ७ हजारांचा पहिला टॅब्लेट अजून चालू आहे, आई ओट्यावर ठेवून त्यावर कीर्तनं ऐकते. तेव्हा तुमच्याकडेही वाचन नसून फक्त ऐकणंच असेल, तर ७-८ हजारही घालवू नका. घरातला एखादा जुना फोन आणि हजार-दीड हजाराचा ब्लूटूथ स्पीकर घेऊन द्या, आवाज त्या टॅब्लेटपेक्षा चांगला येईल.