अंगावर फोड आणि छातीत गाठ: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आई ५४ वर्षांची आहे. नाकावर, गालांवर आणि छातीच्या मधोमध लाल, खपल्या धरणारे चट्टे आले. आधी ल्युपस सांगितलं, मग बायॉप्सीत पेम्फिगस निघाला. आता सीटी स्कॅनमध्ये थायमसची गाठ दिसतेय. हे दोन वेगळे आजार आहेत का?

वेगळे दिसतात, पण बहुधा मूळ एकच आहे. पेम्फिगस म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच त्वचेवर उलटून फोड येणारा आजार, आणि वर्णनावरून हा त्यातला ‘पेम्फिगस एरिथिमॅटोसस’ प्रकार वाटतो. सेनियर आणि अशर या डॉक्टरांनी १९२६ मध्ये त्याचं वर्णन केलं, तेव्हा त्यांनाही यात ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आणखी एक आजार) आणि पेम्फिगस या दोन्हींच्या खुणा दिसल्या होत्या. तेव्हा पहिल्या डॉक्टरांवर रागावू नका. चेहऱ्यावरचे असे चट्टे पाहून आधी ल्युपसच आठवतो.

थायमस ही छातीच्या मधल्या हाडामागची ग्रंथी. लहानपणी ती चांगली मोठी असते, वयात आल्यावर आक्रसत जाते आणि तिच्या जागी चरबी भरते. टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, तिथे तयार होतात आणि तिथेच त्यांची परीक्षाही होते. शरीराच्या निरनिराळ्या अवयवांतली प्रथिनं ग्रंथीतल्या पेशी नमुन्यादाखल बनवून समोर ठेवतात. जी टी पेशी या आपल्याच प्रथिनांवर चवताळते, तिला सहसा तिथेच संपवलं जातं. थायमोमा म्हणजे या ग्रंथीची गाठ झाली की ही परीक्षा ढिली पडते आणि नापास व्हायला हव्या होत्या त्या पेशी रक्तात सुटतात. त्यांच्या चिथावणीने प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार होतात, आणि ती ‘डेस्मोग्लीन’वर, म्हणजे त्वचेच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या प्रथिनांवर, जाऊन बसतात. पेशींची पकड सुटते, मधे पाणी भरतं, फोड येतो.

आईंच्या प्रकारात ही पकड त्वचेच्या अगदी वरच्या थरात सुटते. फोडाचं आवरण इतकं पातळ असतं की तो दिसायच्या आतच फुटतो. ‘मला फोड आलेच नाहीत’ असं रुग्ण खात्रीने सांगतात आणि सदरा काढताना त्याला खपली चिकटून येते, खाली ओलसर लाल त्वचा दिसते.

आता त्वचेइतकंच महत्त्वाचं. संध्याकाळी आईंच्या पापण्या जड होऊन खाली येतात का? एकाच्या दोन वस्तू दिसतात का? चावता चावता जबडा दमतो का? थायमोमाच्या साधारण एकतृतीयांश ते निम्म्या रुग्णांना मायस्थेनिया ग्रॅव्हिस, म्हणजे स्नायू लवकर थकवणारा आजार, असतो. तो लक्षात न येता गाठीची शस्त्रक्रिया झाली, तर भुलीनंतर श्वासाचे स्नायू साथ सोडू शकतात. म्हणून शस्त्रक्रियेआधी ॲसिटिलकोलिन रिसेप्टरविरोधी प्रतिपिंडांची रक्ततपासणी करून घ्या आणि ‘पेम्फिगस आहे’ हे भूलतज्ज्ञांना स्वतः सांगा. फाइल कुणी वाचेलच, या भरवशावर राहू नका.

प्रश्न: मला दोन वर्षांपासून पेम्फिगस व्हल्गॅरिस आहे, औषधांनी आटोक्यात आहे. थायमोमाबद्दल वाचल्यापासून झोप उडालीय. मीही स्कॅन करून घेऊ का?

पेम्फिगसच्या बहुतेक रुग्णांना कसलीही गाठ नसते. मी छातीचा सीटी सांगतो तो पापण्या किंवा स्नायूंची तक्रार असेल, आजार औषधांना दाद देत नसेल, किंवा बायॉप्सीत नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं तर. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. पुढे कधी स्कॅन करायची वेळ आलीच, तर साध्या एक्सरेवर समाधान मानू नका. हृदयाच्या आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या सावलीत छोटी गाठ सहज लपते.

प्रश्न: एकाच टॉवेलने पसरतो का?

नाही. टॉवेलने नाही, स्पर्शाने नाही, फोडातल्या पाण्यानेही नाही.

प्रश्न: वडिलांच्या तोंडात तीन महिने भयंकर जखमा आहेत, ओठांवर रक्ताळलेल्या खपल्या आहेत. स्टेरॉइडने अंगावरचे फोड ओसरले, तोंड तसंच आहे. दोन बायॉप्सींचा अहवाल ‘निश्चित सांगता येत नाही’ असा आला.

अंग सुधारतंय आणि तोंड हटून बसलंय, हे ऐकलं की मी सावध होतो. ग्रँट अनहाल्ट आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ‘पॅरानिओप्लास्टिक पेम्फिगस’, म्हणजे शरीरातल्या गाठीमुळे किंवा कर्करोगामुळे होणारा पेम्फिगस, वेगळा ओळखला, तो असाच असतो. यामागे बहुतेकदा लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कर्करोग), एका प्रकारचा रक्ताचा कर्करोग किंवा कॅसलमन आजार (लसीका ग्रंथी वाढण्याचा आजार) असतो, कधी थायमोमा. त्यामुळे इथे छाती-पोटाचा स्कॅन टाळू नये.

बायॉप्सीबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण घोळ तिथेच होतो. तुकडे दोन लागतात. एक ताज्या फोडाच्या कडेचा, तो फॉर्मॅलिनमध्ये जातो. दुसरा जखमेलगतच्या, वरून चांगल्या दिसणाऱ्या भागाचा. तो इम्युनोफ्लुरोसन्ससाठी, म्हणजे त्वचेत बसलेली प्रतिपिंडं चमकवून दाखवणाऱ्या तपासणीसाठी, मिशेलच्या द्रावणात पाठवायचा. तो फॉर्मॅलिनमध्ये पडला की तपासणी वाया गेली. दोन्ही तुकडे एकाच बाटलीत आलेले मी किती वेळा पाहिलेत, ते मोजणं सोडून दिलंय. शिवाय जुन्या, उघड्या जखमेच्या मधोमध घेतलेल्या तुकड्यात वरचा थरच उरलेला नसतो, मग अहवाल तरी काय देणार? तिसऱ्यांदा बायॉप्सी करण्याआधी तुकडे कुठून घेणार आणि कशात पाठवणार, हे दोन प्रश्न विचारा. उंदराच्या मूत्राशयाच्या पातळ कापावर रुग्णाचं रक्तद्रव टाकून करायची एक तपासणीही या आजारात उपयोगी पडते.

वडिलांना धाप लागू लागली तर मात्र त्याच दिवशी दाखवा. हा आजार फुप्फुसांतल्या बारीक श्वासनलिकाही बंद करू शकतो.

प्रश्न: थायमोमा काढून पाच महिने झाले, तरी नवे फोड येतात. शस्त्रक्रिया फसली का?

तसं म्हणता येणार नाही. काही जणांना तर गाठ काढल्यानंतर पहिल्यांदा पेम्फिगस होतो. बिघडलेल्या पेशी आधीच शरीरभर पांगलेल्या असतात. कारखाना बंद झाला तरी बाहेर पडलेला माल परत येत नाही. त्यामुळे त्वचेचे उपचार चालू ठेवावे लागतात, आणि स्टेरॉइड मनाने एकदम बंद करणं तर धोक्याचंच. रिटुक्सिमॅबचा (प्रतिपिंडांचं उत्पादन दाबणाऱ्या औषधाचा) विचार चालू असेल तर आधी रक्तातल्या इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे एकूण प्रतिपिंडांची, पातळी बघायला सांगा. थायमोमासोबत ती कधी कधी मुळातच घसरलेली असते आणि या औषधाने आणखी खाली जाऊ शकते. थायमोमा बऱ्याच वर्षांनीही उलटू शकतो, म्हणून ठरलेले स्कॅन चुकवू नका.

प्रश्न: भावाला मायस्थेनिया आणि पेम्फिगस दोन्ही आहेत. जखमांमध्ये पू झाला म्हणून जवळच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं आणि दोन दिवसांत त्याला गिळता येईना. कशामुळे?

औषधाचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण संशय तिथेच जातो. ॲझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, जेंटामायसिन यांनी मायस्थेनिया उसळू शकतो. शिरेतून दिलेल्या मॅग्नेशियमनेही. स्टेरॉइडचा मोठा डोस एकदम सुरू केला तरी पहिल्या एकदोन आठवड्यांत अशक्तपणा वाढू शकतो. म्हणून त्वचेचे आणि मेंदूविकाराचे डॉक्टर एकमेकांशी बोलले पाहिजेत. ही नावं कागदावर लिहून पाकिटात ठेवा, केमिस्टलाही दाखवा. पण ते नंतर. गिळता येत नसेल तर हे उत्तर बाजूला ठेवून आधी त्याला अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात न्या.