त्या दोघांना एकाच बाजूला राहू दे

प्रिय मुली,

तुझा मेल काल रात्री वाचला, सकाळी चहा घेताना परत वाचला. सगळे म्हणतायत की तुझ्या पटकथेतल्या डिटेक्टिव्ह नवराबायकोत कॉन्फ्लिक्टच नाहीये, प्रेक्षक कंटाळेल, इंटरव्हलच्या आधी बायकोला नवऱ्यावर संशय येऊ दे. काकू, मी काय करू, असं विचारतेस आणि सोबत जोडलेल्या ड्राफ्टमधे तो संशय तू घालूनही टाकलायस! म्हणून एवढं मोठं लिहायला बसले.

तुला लिहिता येतं का वगैरे बोलण्यात वेळ घालवत नाही, ते आपल्या दोघींनाही माहितीये. एकच सांगते. त्या दोघांना एकाच बाजूला ठेव.

'द थिन मॅन' बघितलास म्हणतेस, पण तू तो खुनी शोधत बघितलास, हे तुझ्या प्रश्नांवरूनच कळतं. अगं १९३४ सालचा तो हॉलिवूडचा सिनेमा, डॅशिएल हॅमेटची मूळ कादंबरी त्याच वर्षी आलेली, आणि दिग्दर्शक डब्ल्यू. एस. व्हॅन डाइकने दोनेक आठवड्यांत शूटिंग उरकलेलं. रहस्य काय आहे तर एक हडकुळा संशोधक गायब होतो (थिन मॅन तो, डिटेक्टिव्ह निक नव्हे, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही), मग खून पडतात, मग कोण कुठे होतं याचा एवढा गुंता होतो की मी पाच-सहा वेळा बघूनही तुला तो नीट सांगू शकणार नाही. आणि तरी दर वेळी बघते ते निक आणि त्याची बायको नोरा यांच्यासाठी, म्हणजे ती कामं करणाऱ्या विल्यम पॉवेल आणि मर्ना लॉयसाठी. पटकथा अल्बर्ट हॅकेट आणि फ्रान्सिस गुडरिच यांची, ते दोघं खऱ्या आयुष्यातले नवराबायको, आणि व्हॅन डाइकने त्यांना सांगितलं होतं की गोष्टीचा सांगाडा हॅमेटचा घ्या पण मला या दोघांचे सीन द्या. त्याला कळलं होतं माल कुठे आहे ते.

आता तो सीन परत लाव. डोरोथी, त्या हरवलेल्या माणसाची तरुण मुलगी, रडतेय, निकने तिला जवळ घेतलंय, आणि दार उघडून नोरा आत येते. थांबव तिथे. तुझ्या त्या सगळ्या सल्लागारांना हा सीन दिला असता तर त्यांनी काय केलं असतं? नोराचे डोळे भरले असते, दार आपटलं असतं, पुढची वीस मिनिटं गैरसमजात गेली असती. सिनेमात काय होतं? निक त्या मुलीच्या खांद्यावरून नोराला तोंड वेडावून दाखवतो आणि नोरा उलट त्याला वेडावते. बास. दोन-तीन सेकंदांचं काम, रडणाऱ्या मुलीला पत्तासुद्धा नाही, आणि आपल्याला कळतं की या लग्नाला कशानेही तडा जाणार नाही. मला सांग, यात कंटाळवाणं काय आहे?

बारमधला सीन तसाच. कुत्र्याने ओढत आणलेली नोरा ख्रिसमसच्या खरेदीसकट तोंडावर पडते, मग उठून टेबलाशी बसते आणि नवऱ्याचे किती पेग झाले ते विचारते. सहावा चालू आहे कळल्यावर वेटरला आपल्यासाठी आणखी पाच आणून ओळीने मांडायला सांगते. ती त्याला दारूवरून बोलत नाही, त्याची बरोबरी करते! चढाओढ आहे, चिडवाचिडवी आहे, पण बाजू एकच. कॉन्फ्लिक्ट नाही म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही. कॉन्फ्लिक्ट बाहेर भरपूर आहे, खुनी आहे, पोलीस आहेत, नोराला केस हवीये आणि निकला नकोय. त्याने डिटेक्टिव्हगिरी सोडलीये, बायकोची इस्टेट सांभाळतो, सुट्टीला न्यूयॉर्कला आलाय. तीच त्याला ढोसत राहते. घरातल्या घरात केवढी ओढाताण आहे ही, आणि संशयाचा एक कणही नाही.

एक मात्र कबूल करते. तो तिला टॅक्सीत बसवून भलतीकडे पाठवून देतो आणि आपण तिला न घेता तपासाला जातो, तिथे मला सिनेमा कमी पडतो. नोराला न्यायला हवं होतं. म्हणजे बघ, जिथे ते एका बाजूला राहत नाहीत नेमकं तिथेच मला खटकतं.

हे सगळं मी एवढ्या जोरात का सांगतेय ते आता सांगते. सत्तावीस वर्षांची असताना मी एक एकांकिका लिहिली होती, वाड्यातली चोरी आणि ती शोधणारं जोडपं. त्यात एक जागा होती. इन्स्पेक्टर नवऱ्याशी बोलतोय, नवरा विचारात पडला की हातवारे करतो, आणि बायको इन्स्पेक्टरकडेच बघत, एक शब्द न बोलता, नवऱ्याच्या कोपराजवळचा चहाचा कप दोन इंच बाजूला सरकवते. मग त्याचा हात सपकन तिथूनच जातो. एवढंच. तालमीत मला सांगितलं गेलं की यातून कथा पुढे जात नाही, त्यापेक्षा कपाटात दुसऱ्या बाईची चिठ्ठी सापडू दे. मी ऐकलं. कप काढला, चिठ्ठी घातली. बक्षीसही मिळालं. पण ती एकांकिका आज कोणाला आठवत नाही, मला स्वतःला त्यातला फक्त तो कप आठवतो, जो कोणी बघितलाच नाही.

म्हणून पुढे सिरियलचं काम आलं आणि चार महिन्यांनी चांगल्या चाललेल्या जोडप्यात तिसरी बाई आणा म्हणाले तेव्हा मी काम सोडलं. पैशाची गरज होती, ह्यांची नोकरी तेव्हा डळमळीत होती, घरचे म्हणाले एवढा हट्ट कशाला. हे एकटेच काही बोलले नाहीत, संध्याकाळी नुसती दुधाची पिशवी आणून ठेवली आणि गॅसपाशी उभे राहिले. माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही, कोणी कितीही म्हणो. ऐकलं असतं तर आज तुला हे लिहायला मला तोंड नसतं.

आणि चालत नाही म्हणणाऱ्यांना सांग की त्या सिनेमाला ऑस्करची चार नामांकनं होती, पुढे १९४७ पर्यंत आणखी पाच भाग निघाले. पाच भाग लोक खुन्यासाठी आले नव्हते गं. पॉवेल आणि लॉय यांनी एकूण चौदा सिनेमे एकत्र केले ते काय उगीच?

शेवटची जेवणाची पार्टी पण परत बघ. सगळे संशयित टेबलाभोवती, वेटरच्या कपड्यात पोलीस, आणि निक बोलत सुटलाय. नोरा शेजारून हळूच विचारते, हे खरंय का? तर तो म्हणतो, माहीत नाही. ही कबुली त्या टेबलावर फक्त तिला मिळते. तुझ्या नायकाला पण असं एकच माणूस दे ज्याला तो मला माहीत नाही असं म्हणू शकेल, आणि ते माणूस त्याच्या बायकोखेरीज दुसरं कोणी असू नये.

तर आता काम. पहिल्या ड्राफ्टमधे तुझा तो सातवा सीन होता, ती त्याचा चष्मा स्वतःच्या पदराला पुसते आणि पुसता पुसता तिला काचेवरचा डाग दिसतो. तो कोणी काढायला लावला मला माहीत नाही, विचारणारही नाही. तो परत घाल आणि रविवारच्या आत मला पाठव. चिठ्ठी, संशय, मोबाईलमधले मेसेज, सगळं काढून.

तुझी,
काकू