लग्नाचा हॉल पाहताना: ‘पर्यंत’ म्हणजे ‘बाय’ की ‘अन्टिल’?

प्रश्न : धाकट्या भावाचे लग्न दुसऱ्या देशात होणार असून तेथील हॉल पाहण्याचे काम माझ्याकडे आले आहे. इंग्रजी मला बऱ्यापैकी येते, पण वाक्य मनात मराठीतच जुळते. एका ठिकाणी मी ‘हाऊ मेनी पीपल विल सिट?’ असे विचारले. व्यवस्थापिकेने ‘ॲट टेबल्स?’ असा उलट प्रश्न केला आणि मी गडबडीत ‘येस’ म्हणालो. नंतर ईमेलने आलेला आकडा आमच्या यादीपेक्षा बराच कमी निघाला. हॉल तर मोठा दिसत होता. माझे काय चुकले?

उत्तर : तुमच्या आड व्याकरण आले नाही, ‘बसणे’ हे क्रियापद आले. मराठीत माणूस खुर्चीवर बसतो, दोनशे माणसे हॉलमध्ये बसतात, कपडे बॅगेत बसतात आणि किल्ली कुलपातही बसते. तुम्हाला ‘मावतील किती?’ असे विचारायचे होते, पण व्यवस्थापिकेने ‘खुर्चीवर बसतील किती?’ असे ऐकले, आणि टेबलांचा उल्लेख करून तिने तुम्हाला सावरण्याची एक संधीही दिली होती.

एकाच हॉलचे निदान तीन आकडे असतात. गोल टेबले मांडली की सर्वांत कमी माणसे मावतात, नुसत्या खुर्च्यांच्या रांगा लावल्या की त्याहून जास्त, आणि सगळे उभेच राहणार असतील तर सर्वांत जास्त. म्हणून ‘कपॅसिटी किती?’ एवढ्यावर न थांबता ‘हाऊ मेनी कॅन यू सीट ॲट टेबल्स, अँड हाऊ मेनी स्टँडिंग?’ असे दोन्ही एका दमात विचारावे. येथे ‘सीट’ हे क्रियापद आहे, ‘द हॉल सीट्स टू हंड्रेड’ म्हणजे हॉलमध्ये दोनशे जणांची बसण्याची सोय होते. मंच, वादक किंवा नाचासाठी मोकळी जागा हवी असेल, तर ‘इज दॅट विथ द स्टेज इन प्लेस?’ हा प्रश्न लगेच जोडावा, कारण पुष्कळदा आकडा रिकाम्या हॉलचा सांगितलेला असतो.

आपली संख्या सांगताना ‘वी आर एक्स्पेक्टिंग अराउंड वन फिफ्टी गेस्ट्स’ असे म्हणावे. मात्र ‘वी आर एक्स्पेक्टिंग’ एवढेच म्हणून आकडा आठवत थांबू नये, कारण त्या अर्धवट वाक्याचा अर्थ ‘आमच्याकडे बाळ येणार आहे’ असा होतो.

प्रश्न : बुकिंगच्या वेळी भरलेले डिपॉझिट तारीख बदलल्यावर परत मिळाले नाही. डिपॉझिट म्हणजे परत मिळणारी रक्कम, असेच आम्ही आजवर समजत होतो.

उत्तर : या ठिकाणी मराठी इंग्रजीपेक्षा अधिक नेमकी आहे. आपल्याकडे ‘इसार’ आणि ‘अनामत’ असे दोन वेगळे शब्द आहेत. इसार हा सौदा पक्का केल्याची खूण म्हणून आधी दिलेला पैसा असतो आणि सौदा मोडला तर तो बुडू शकतो. अनामत ही सांभाळायला दिलेली रक्कम असते आणि मोडतोड झाली नाही तर ती परत यायची असते. इंग्रजीत दोहोंनाही ‘डिपॉझिट’च म्हणतात. भाड्याच्या घरामुळे आपल्या कानाला अनामतीचा अर्थ सवयीचा झाला आहे, पण बुकिंगच्या बोलण्यात ‘डिपॉझिट’ म्हणजे बहुधा इसार असतो. ‘डॅमेज डिपॉझिट’ किंवा ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ असे म्हटले तरच ती अनामत समजावी.

म्हणून पैसे भरण्याआधी तीन वाक्ये बोलावीत : ‘इज द डिपॉझिट रिफंडेबल?’, ‘इज इट डिडक्टेड फ्रॉम द फायनल बिल?’ आणि ‘व्हॉट हॅपन्स इफ वी चेंज द डेट?’ यांतील तिसरे विचारायचे राहून जाते, आणि तुमचे पैसे तेथेच अडकले. ‘कॅन्सल’ आणि ‘पोस्टपोन’ या दोन वेगळ्या गोष्टी असल्या, तरी अनेक करारांत तारीख पुढे ढकलणे हे जुने बुकिंग रद्द करून नवे करण्यासारखेच धरलेले असते.

खर्चाचा कागद मागताना ‘कोट’ आणि ‘एस्टिमेट’ यांतही फरक करावा. एस्टिमेट हा अंदाज असतो आणि तो वाढू शकतो. कोट म्हणजे सहसा मान्य केलेला ठरावीक आकडा. तोंडी अंदाजच हवा असेल, तर ‘टेल मी द रेट’ यापेक्षा ‘कुड यू गिव्ह अस अ रफ आयडिया ऑफ द कॉस्ट?’ हे वाक्य कानाला सौम्य लागते. आकडा कळला की ‘डझ दॅट इन्क्लूड टॅक्स अँड सर्व्हिस?’ हे विचारल्याशिवाय पुढच्या खोलीत जाऊ नये.

प्रश्न : ‘आमच्यासाठी शुक्रवारपर्यंत तारीख राखून ठेवा, आम्ही शुक्रवारपर्यंत कळवतो’ हे इंग्रजीत कसे सांगावे? मी दोन्हीकडे ‘टिल’ वापरतो.

उत्तर : पहिल्या जागी तो चालेल, दुसऱ्या जागी चालणार नाही. राखून ठेवणे ही शुक्रवार येईपर्यंत सतत चालू राहणारी गोष्ट आहे, तिला ‘अन्टिल’ किंवा ‘टिल’ लागते. कळवणे हे एकदाच घडते आणि ते शुक्रवार उलटण्याआधी केव्हाही घडू शकते, त्याला ‘बाय’ लागते. जेथे ‘पर्यंत’ काढून ‘च्या आत’ घालता येईल तेथे ‘बाय’, अशी खूण मी वापरतो. ‘शुक्रवारच्या आत कळवतो’ हे मराठीत बसते, ‘शुक्रवारच्या आत राखून ठेवा’ म्हटले की अर्थच बदलतो. तेव्हा वाक्य असे होईल : ‘कुड यू होल्ड द डेट फॉर अस अन्टिल फ्रायडे? वी विल लेट यू नो बाय फ्रायडे.’

‘होल्ड’ म्हणजे पक्के बुकिंग नव्हे. त्या काळात दुसरे कोणी तीच तारीख मागायला आले, तर आधी तुम्हाला विचारले जाईल का, हे स्पष्ट करून घ्यावे : ‘इफ समवन एल्स आस्क्स फॉर द डेट, विल यू कॉल अस फर्स्ट?’ या सवलतीला इंग्रजीत ‘फर्स्ट रिफ्युझल’ म्हणतात, म्हणजे नकार देण्याचा पहिला मान तुमचा. नाव विचित्र आहे, पण सवलत कामाची आहे.

जागा पसंत नसेल तर ‘बघून सांगतो’ याला ‘आय विल सी अँड टेल’ म्हणू नये. ‘वी’ड लाइक टू थिंक इट ओव्हर’ एवढे पुरते, आणि समोरच्यालाही त्यातून काय समजायचे ते समजते.

प्रश्न : ‘वुड यू माइंड’ या प्रश्नाचे उत्तर ‘नो’ आले तर परवानगी मिळाली की नाकारली?

उत्तर : मिळाली. ‘वुड यू माइंड इफ वी टुक सम फोटोज?’ म्हणजे ‘आम्ही फोटो काढले तर तुमची हरकत आहे का?’, म्हणून ‘नो, नॉट ॲट ऑल’ म्हणजे हरकत नाही. अशाच एका हॉलमध्ये पहिला ‘नो’ ऐकताच मी कॅमेरा पिशवीत ठेवला होता आणि तो गृहस्थ माझ्याकडे गोंधळून पाहत राहिला होता. ही कसरत नको असेल, तर सरळ ‘कॅन वी टेक सम फोटोज?’ विचारावे, त्यात ‘येस’ म्हणजे होय.

प्रश्न : हॉलच्या माहितीपत्रकात ‘मार्की’ आणि ‘कर्फ्यू’ हे शब्द आहेत. लग्नात संचारबंदी कशाला?

उत्तर : ‘मार्की’ म्हणजे ब्रिटिश इंग्रजीत मोठा तंबू किंवा शामियाना. अमेरिकेत त्यालाच ‘टेंट’ म्हणतात आणि ‘मार्की’ म्हटले की नाट्यगृहाच्या दारावरचा नावांचा फलक किंवा पुढे आलेले छत डोळ्यांसमोर येते, तेव्हा माहितीपत्रक कोठले आहे ते पाहून अर्थ लावावा.

‘कर्फ्यू’चे मूळ जुन्या फ्रेंचमध्ये आहे आणि त्याचा शब्दशः अर्थ ‘आग झाका’ असा होतो. मध्ययुगात रात्री ठरावीक वेळी घंटा वाजली की घरोघरची चूल झाकायची असे. हॉलच्या बाबतीत तो संगीत थांबवण्याच्या किंवा कार्यक्रम आटोपण्याच्या वेळेला म्हणतात, आणि या दोन वेळा एकच असतील असे नाही. ‘इज दॅट व्हेन द म्युझिक स्टॉप्स, ऑर व्हेन वी हॅव टू बी आउट ऑफ द बिल्डिंग?’ असे विचारावे, आणि सजावट उतरवायला त्यानंतर किती वेळ मिळतो तेही त्याच वेळी लिहून घ्यावे.