शिकागो कब्ज या अमेरिकन बेसबॉल क्लबने 2023 मध्ये करार शिल्लक असताना मॅनेजर डेव्हिड रॉसला काढलं, हे नियमात बसतं का?

हो, बसतं. मॅनेजरला (आपल्या क्रिकेटच्या भाषेत मुख्य कोच) क्लब कधीही काढू शकतो, फक्त उरलेल्या कराराचा पगार चुकता करावा लागतो. रॉसचा करार 2024 पर्यंत होता. पण मिलवॉकी ब्रूअर्स या दुसऱ्या क्लबचा मॅनेजर क्रेग काउन्सेल याचा करार 2023 च्या हंगामाबरोबर संपला आणि तो मोकळा झाला. कब्जने नोव्हेंबरमध्ये त्याला 5 वर्षांसाठी सुमारे 4 कोटी डॉलर देऊन उचललं. कब्जचे बेसबॉल प्रमुख जेड होयर विमानाने फ्लोरिडाला रॉसच्या घरी गेले आणि त्याला समोरासमोर सांगितलं. निदान तेवढी तरी माणुसकी! निर्णय अर्थात तोवर होऊन गेला होता. गंमत म्हणजे 2023 मध्ये रॉसच्या हाताखाली कब्ज 83 सामने जिंकले आणि 2024 मध्ये काउन्सेलच्या हाताखालीही बरोबर 83च. उलट ब्रूअर्सनी त्याच्याच सहायकाला, पॅट मर्फीला बढती दिली आणि 93 सामने जिंकून गटात पहिला नंबर मारला.

एक मात्र लक्षात घ्या: हवा असलेला मॅनेजर दुसऱ्या क्लबच्या करारात अडकलेला असेल तर त्या क्लबची परवानगी लागते, आणि कधीकधी बदल्यात खेळाडूही द्यावा लागतो. 2012 मध्ये बॉस्टन रेड सॉक्सला टोरांटोचा मॅनेजर जॉन फॅरेल हवा होता, तेव्हा टोरांटोला आपला खेळाडू माइक आविलेस द्यावा लागला. पुढच्याच वर्षी फॅरेलने बॉस्टनला वर्ल्ड सिरीज (हंगामाचं विजेतेपद ठरवणारी अंतिम मालिका) जिंकून दिली.