सातवी-आठवीच्या मुलांना इतिहासातले क्रूर प्रसंग साहित्यातून शिकवावेत का? शिकवायचे तर कसे?

तुम्ही लिहिलंय की जातिभेद, फाळणी, ज्यूंचा संहार हे विषय आले की पाठ्यपुस्तकातल्या चार ओळी कोरड्या वाटतात, आणि एखादी गोष्ट वाचून दाखवावी तर मुलं हादरतील अशी भीती वाटते. मी याच वयाच्या मुलांना भाषा आणि इतिहास दोन्ही शिकवते. माझं उत्तर असं: जरूर वाचून दाखवा. फक्त मुलं रडली म्हणजे तास चांगला झाला, असं धरून चालू नका. डोळ्यांत पाणी आणणं चांगल्या गोष्टीला सहज जमतं. इतिहास त्याच्या पुढे सुरू होतो, आणि तो सुरू करायला मला एक प्रश्न पुरतो: हे लिहिणाऱ्याला हे कसं माहीत?

बारा-तेराव्या वर्षी अन्यायाची चीड पटकन येते आणि मोठ्यांचं म्हणणं तपासून बघायची खुमखुमीही असते. या प्रश्नाने दोन्हींना काम मिळतं.

माझी सुरुवात मुक्ता साळवेच्या निबंधापासून होते. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मांग समाजातल्या या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. लिहिणारी आपल्याच वयाची आहे हे कळलं की वर्ग सावरून बसतो. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता ते सांग, असं ती थेट देवाला विचारते. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर धड छप्पर नसतं, थंडी-पावसात त्यांचे काय हाल होत असतील याचा विचार करा, असं वाचकाला सांगते. आणि बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यासमोरून मांग किंवा महार गेला तर त्याचं डोकं उडवून त्याचा चेंडू करून खेळत, हेही लिहिते.

इथे वाचन थांबवून मी फळ्यावर दोन रकाने आखते: ‘पाहिलेलं’ आणि ‘ऐकलेलं’. बाळंतिणीचे हाल मुलं लगेच पहिल्या रकान्यात टाकतात. बाजीरावाच्या गोष्टीपाशी अडतात. पेशवाई संपली १८१८ मध्ये आणि मुक्ता जन्मली त्यानंतर वीसेक वर्षांनी. म्हणजे हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं नाही, घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेलं असणार. मग कुणीतरी हमखास विचारतं, “म्हणजे हे खोटं का?” मी या प्रश्नाची वाटच बघत असते. ऐकलेलं म्हणजे खोटं नव्हे. राज्य जाऊन जवळपास चाळीस वर्षं झाली तरी घराघरांत ही आठवण मुलांना सांगितली जात होती, एवढं तर या निबंधावरून पक्कं कळतं. ज्यांना लिहू-वाचू दिलं नाही त्यांचा इतिहास कागदावर येणार तरी कुठून? तो असाच, सांगोवांगी टिकतो. मग मुलं आपणहून पुढचा प्रश्न काढतात: दप्तरं, नोंदी लिहिणारे कोण होते आणि त्यांनी काय लिहायचं टाळलं असेल? सातवीच्या वर्गाकडून याहून जास्त मी अपेक्षाच करत नाही.

नाझींपासून वाचण्यासाठी नेदरलँड्समध्ये घरच्यांसोबत लपून राहिलेल्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीची डायरी बहुतेकांना ऐकून माहीत असते, म्हणून ती निवडाविशी वाटते. निवडाही. तिच्यातला ज्यूंवरच्या बंदीहुकमांचा भाग या वयासाठी अतिशय चांगला आहे: पिवळा तारा लावायचा, सायकली जमा करायच्या, ट्राममध्ये बसायचं नाही, रात्री आठनंतर घराबाहेर पडायचं नाही, शाळासुद्धा वेगळी. ‘संहार’ या शब्दाने मुलांच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही, सायकल काढून घेतली म्हटल्यावर राहतं. मी मुलांना विचारते, यातल्या कुठल्या हुकमापाशी शेजाऱ्यांनी ‘आता पुरे’ म्हणायला हवं होतं? वर्गात एकमत कधीच होत नाही, आणि व्हायची गरजही नाही.

पण डायरीपाशी थांबलात तर मोठी पोकळी राहते. शेवटची नोंद १ ऑगस्ट १९४४ ची आहे आणि ४ ऑगस्टला ॲन आणि तिच्यासोबत लपलेले सगळे पकडले गेले. छळछावणी डायरीत नाहीच. केवळ डायरी वाचलेलं मूल एका हुशार, आशावादी मुलीची गोष्ट घेऊन घरी जातं. पुढचं तुम्हालाच सांगावं लागतं: ॲन १९४५ च्या सुरुवातीला बर्गन-बेल्सनच्या छावणीत मेली, लपलेल्या आठ जणांपैकी एकटे तिचे वडील वाचले, आणि नेदरलँड्समधल्या सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून जास्त मारले गेले. हे सांगताना आवाज चढवायचा नाही, छावण्यांची छायाचित्रं दाखवायची नाहीत. आकडे आणि तारखा शांतपणे सांगितल्या तरी पुरतं. आणखी एक गोष्ट सांगा. युद्धकाळातल्या डायऱ्या जपून ठेवा, असं आवाहन ॲनने मार्च १९४४ मध्ये रेडिओवर ऐकलं आणि त्यानंतर स्वतःची डायरी प्रकाशनाच्या विचाराने पुन्हा लिहायला घेतली. साक्षीदारसुद्धा काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरवतो, हे मुलांना यातून छान उमगतं.

कल्पित कथा निवडताना मात्र जास्त काळजी घ्या. उर्दू लेखक मंटोची फाळणीवरची ‘टोबा टेक सिंह’ ही कथा मी आठवीला वाचून दाखवते. वेड्यांच्या इस्पितळातल्या रुग्णांची भारत-पाकिस्तानात अदलाबदल हा तिचा गाभा, आणि अशी अदलाबदल १९५० मध्ये खरोखर झाली होती. पात्रं रचलेली, पण पायाखालची जमीन खरी. माझं गाव कुठल्या देशात गेलं, हा त्यातला प्रश्न मुलांना नकाशासमोर नेऊन उभा करतो. मंटोच्या लैंगिक अत्याचारावरच्या कथा मी या वयाला देत नाही, त्या कितीही थोर असल्या तरी.

याउलट ‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज’ ही कादंबरी मी वर्गात आणत नाही. तिच्यात छावणीतला नऊ वर्षांचा मुलगा कुंपणाशी येऊन पलीकडच्या जर्मन मुलाशी, छावणीच्या अधिकाऱ्याच्या मुलाशी, महिनोन्‌महिने गप्पा मारतो. प्रत्यक्षात आउशवित्झ या नाझी छळछावणीला पोचलेल्या लहान मुलांपैकी बहुतेकांना उतरल्या उतरल्या विषारी वायूच्या कोठड्यांत मारत होते. तिथल्या स्मारकानेच २०२० मध्ये सांगितलं की हा इतिहास शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी हे पुस्तक टाळावं. शिवाय शेवटी आपण रडतो ते मुख्यतः अधिकाऱ्याच्या मुलासाठी, आणि मला ते फार खटकतं. मुलांनी ती आधीच वाचली असेल तर रागावू नका. तिला आपला नेहमीचा प्रश्न विचारायला लावा, त्यांचं त्यांनाच दिसतं.

आता तुमच्या भीतीबद्दल. हादरण्यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती वर्गातल्या त्या एक-दोन मुलांची, ज्यांच्या घरचा हा इतिहास आहे. मुक्ताचा निबंध वाचताना सगळ्यांच्या नजरा एका बाकाकडे वळता कामा नयेत. त्या मुलाला ‘तुला काय वाटतं?’ असं मुद्दाम विचारू नका. स्वतःहून बोललं तर त्याला हवा तेवढा वेळ द्या. शक्य असेल तर आदल्या दिवशी सगळ्या वर्गाला सांगून ठेवा की उद्या काय वाचणार आहोत. आणि नाट्यीकरण अजिबात नको. अर्ध्या वर्गाला सैनिक आणि अर्ध्याला कैदी करणारे उपक्रम मी पाहिलेत. त्यातून मुलं अपमान करायला शिकतात किंवा अपमानित होतात, इतिहास काही हाती लागत नाही. ‘तू ॲन असतीस तर काय केलं असतंस?’ हा प्रश्नही नको. त्यापेक्षा ‘तिला त्या दिवशी काय माहीत होतं आणि काय माहीत नव्हतं?’ असं विचारा.

पालकांना आधी चार ओळींची चिठ्ठी पाठवा, पुष्कळ तक्रारी तिथेच मिटतात. सुट्टीच्या आधीचा शेवटचा तास यासाठी कधीच घेऊ नका. वाचन आणि बोलणं यांना सलग दोन तास हवेत, नाहीतर मुलं मधल्या अवस्थेतच घरी जातात. तास संपताना कोरे कागद वाटा आणि नाव न घालता प्रश्न लिहायला सांगा. मोठ्याने विचारायचं धाडस न झालेले प्रश्न त्यात येतात: मारणाऱ्यांना शिक्षा झाली का, आमच्या घरातल्यांनी तेव्हा काय केलं असेल, हे पुन्हा होईल का. दुसऱ्या दिवशी तेच वाचून तास सुरू करा.

यंदा एकच काही घ्यायचं असेल तर मुक्ताचा निबंध घ्या. लहान आहे, मराठीत आहे. भाषा जुनी आहे, म्हणून एकदा घरी मोठ्याने वाचून बघा, म्हणजे वर्गात अडखळणार नाही.