आवारातल्या तोडलेल्या गुलमोहराचा बुडखा काढायचा आहे. आधी काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की बंगल्याच्या आवारातला जुना गुलमोहर रीतसर परवानगी काढून तोडला, दीड फुटाचा बुडखा शिल्लक आहे, कंपाउंडची भिंत त्याच्यापासून चार फुटांवर आहे आणि तोडणाऱ्यांनी जाताना सांगितलं, "मीठ टाका, आपोआप कुजेल." मी साताऱ्याकडे बागकामाची कंत्राटं घेतो. झाड तोडायला माणसं हवी तेवढी मिळतात, कारण लाकूड वखारीत जातं आणि त्याचे पैसे येतात. बुडखा कुणालाच नको असतो. म्हणून असले सल्ले देऊन लोक निघून जातात.

मीठ टाकू नका. लाकूड कुजवते ती बुरशी, आणि मिठाने तीच मरते. वर ते मीठ मातीत उतरतं, पुढे तिथे गवतही धड येत नाही, आणि भिंत इतकी जवळ असेल तर तिला लोणा लागतो. रॉकेल ओतून पेटवायचा सल्लाही कुणीतरी देईलच. सुकं मूळ जमिनीखाली दिवसेंदिवस धुमसत राहतं, वरून काही दिसत नाही, आणि प्लॅस्टिकचा पाइप शेजारून गेला असेल तर तो वितळल्यावरच कळतं. हिंगाचा उपाय मी लहानपणापासून ऐकतोय, गुण आलेला अजून पाहिला नाही.

आता मुख्य प्रश्न. बुडखा काढायलाच हवा का? त्या जागी खोली वाढवायची असेल, गाडी लावायला शेड करायची असेल, तर मुळासकट काढावाच लागतो. कुजणाऱ्या लाकडावर पाया घेतला तर तो पुढे खचणार. बुडखा घराच्या जोत्याला लागून असेल तरीही काढा, कारण मातीतलं कुजकं लाकूड म्हणजे वाळवीला आमंत्रण. पण कोपऱ्यात असेल आणि नुसता डोळ्यांना खटकत असेल तर कुजवणं सगळ्यात स्वस्त. वरून उभी भोकं पाडायची, त्यांत शेणकाला आणि मूठभर युरिया भरायचा, वर माती आणि ओलं पोतं टाकून ते ओलं ठेवायचं. गुलमोहर, पांगारा, शेवगा ही मऊ लाकडं, दोन-तीन पावसाळ्यांत पहारीने ढासळतात. चिंच किंवा साग असेल तर नाद सोडा.

फुटवे येतात का, यावर बरंच अवलंबून आहे. सुबाभूळ, निलगिरी, कडुनिंब, साग यांचा खुंट जोमाने फुटतो. दर वेळी धुमारा बोटभर असतानाच मोडत राहिलात तर मुळांतला साठा संपतो आणि खुंट मरतो, पण त्यात खंड पडला की पहिल्यापासून सुरुवात. नारळ, सुपारी कधीच फुटत नाहीत, कारण वाढीचा कोंब शेंड्यालाच असतो. तरी नारळाचा बुडखा ठेवू नका. कुजक्या नारळात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि मग आजूबाजूच्या चांगल्या माडांवर चढतो. कोकणातल्या लोकांना हे सांगायला नको, पण देशावर हौसेने दोन नारळ लावणाऱ्यांना माहीत नसतं.

आणखी एक गोष्ट बघा. बुडख्यावर किंवा जमिनीलगत तपकिरी, चकचकीत, पंख्यासारख्या कडक छत्र्या आल्या आहेत का? ती बहुधा गॅनोडर्मा बुरशी. ती मुळांतून शेजारच्या झाडांत जाते, गुलमोहराला आणि नारळाला विशेष धरते. तशी दिसली तर कुजवायच्या भानगडीत न पडता मोठ्या मुळांसकट सगळं बाहेर काढा.

काढायचं ठरलं तर खणायच्या आधी जमिनीखाली काय आहे ते शोधा. पाण्याच्या मीटरपासून टाकीपर्यंत, स्वयंपाकघरापासून चेंबरपर्यंत, विजेच्या मीटरपासून खांबापर्यंत डोळ्यांनी रेघ मारा. अर्थिंगचा खड्डा आणि गॅसची लाइन विसरू नका. जुन्या बंगल्यांत ड्रेनेजचे चिनी मातीचे पाइप असतात. मुळं त्यांच्या सांध्यांतून आत शिरून गच्च बसलेली असतात. बुडखा ओढला की पाइपही सोबत वर येतो, आणि मग खरा खर्च सुरू होतो.

गुलमोहराची मुळं खोल कमी, आडवी जास्त. त्यामुळे हाताने काढणं शक्य आहे, दोन धडधाकट माणसं लावा. बुडख्यापासून दीड-दोन फुटांवर गोल चर खणायचा. मूळ दिसलं की लगेच कुऱ्हाड चालवायची नाही. आधी त्याच्यावरची माती बागेच्या पाइपाने धुवून काढायची. एक खडा लागला की चेनसॉची साखळी तिथल्या तिथे बोथट होते. प्रत्येक जाड मूळ दोन ठिकाणी तोडून मधला वीतभर तुकडा काढून टाका, म्हणजे पहार घालून बुडखा हलवायला मोकळी जागा मिळते. सगळी आडवी मुळं सुटली आणि तरी बुडखा हलत नसेल, तर खाली मधोमध एखादं मूळ अजून धरून बसलेलं असतं. एका बाजूने खणून तेवढं तोडा.

भिंतीकडचं मूळ सगळ्यात आधी, बुडख्याजवळ तोडायचं आणि पुढचा भाग भिंतीखाली तसाच ठेवायचा. तो ओढून काढायचा हट्ट केला तर पायाचे दगड हलतात. खाली राहिलेलं मूळ सावकाश कुजतं, त्याने कंपाउंडच्या भिंतीला सहसा काही होत नाही. चेन-पुली लावलीत तर तिचं दुसरं टोक भिंतीला, फाटकाच्या खांबाला किंवा विजेच्या पोलला बांधू देऊ नका. साखळी ताणलेली असताना तिच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. ट्रॅक्टरने ओढायचं असेल तर दोर मागच्या खालच्या हूकलाच हवा. वर बांधला तर ट्रॅक्टर पुढून उचलून मागे उलटतो.

इतर वाचणाऱ्यांसाठी, ज्यांचं झाड अजून उभं आहे: बुडखा ओढून काढायचा असेल तर झाड तोडताना छातीएवढं खोड ठेवायला सांगा. ते उंच खोडच पुढे तरफ म्हणून कामी येतं. जमिनीसरशी कापून घेतलं की धरायला काही उरत नाही. शिवाय बोली करतानाच "बुडख्यासकट" ठरवा, नाहीतर लाकूड ट्रकमध्ये गेल्यावर माणसं फोन उचलत नाहीत.

जेसीबी तासावर मिळतो आणि असं काम पटकन उरकतो, पण फाटक निदान आठ फुटांचं हवं, वरच्या विजेच्या तारा बघायला हव्यात, आणि साडेसात टनांच्या आसपासचं ते धूड चेंबरच्या झाकणांवरून आणि पेव्हर ब्लॉकवरून जाणार हे लक्षात ठेवा. बुडखा किसून काढणारं यंत्र मोठ्या शहरांत काही बागवाले लावतात. ते जमिनीखाली सहा इंच ते फूटभर लाकडाचा भुसा करतं, बाजूची मुळं तशीच राहतात. वर नुसती हिरवळ करायची असेल तर उत्तम. भुसा मात्र खड्ड्यात तसाच भरू नका, कुजताना तो मातीतला नत्र ओढून घेतो आणि हिरवळ पिवळी पडते.

तुमची जमीन काळी असेल तर थोडं जपून. मोठं झाड मातीतलं पाणी सतत ओढत असतं. ते गेल्यावर ओल परत येते, काळी माती फुगते आणि जवळच्या भिंतीला तडे जाऊ शकतात. हे झाड तोडल्यामुळे होतं, बुडखा काढण्याशी त्याचा संबंध नाही. म्हणून एक पावसाळा जाईपर्यंत तडे लिंपायची किंवा नवीन बांधकामाची घाई नको. भर पावसात काळ्या मातीत हे काम काढू नका, उन्हाळ्यात ती दगड होते. दिवाळीच्या आसपास, ओल असून चिखल नसतो, तेव्हा माणसांचे हाल कमी होतात.

कागदाचं म्हणाल तर शहरी भागात 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू होतो, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी नवीन झाडं लावायची आहेत. तुमच्या परवानगीपत्रात ती अट असेल, एकदा वाचून घ्या. बुडख्याला हिरवे फुटवे असतील तर खणायच्या आधी उद्यान विभागाला विचारून ठेवा आणि फोटो काढा. शेजाऱ्यांची तक्रार कधी येईल सांगता येत नाही. गावठाणातल्या वाचकांसाठी वेगळा, 1964 चा कायदा आहे. त्यातल्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, चंदन वगैरे येतात.

खड्डा भरताना माती एकदम लोटू नका. वीत-वीतभर थर टाकून पाणी मारा, धुमसाने ठोका, आणि शेवटी जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच ठेवा, कारण तो बसणारच. त्यावर पेव्हर ब्लॉक घालायचे असतील तर एक पावसाळा जाऊ द्या. नवीन झाड लावायचं असेल तर नेमकं त्याच खड्ड्यात नको, पाच-सहा फूट सरकून लावा, आणि भिंतीपासून लांब.