शब्दशंका : ‘आयकॉन’ आला कुठून?

प्रश्न : नवी पेठेतल्या फलकावर ‘यूथ आयकॉन’, मोबाइलवर ॲपचे आयकॉन आणि चर्चमधल्या चित्रालाही आयकॉन. हे शब्द वेगवेगळे आहेत का? मराठीत काय लिहावे? – एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : शब्द एकच. मूळ ग्रीक ‘एइकोन’, म्हणजे प्रतिमा. ‘सारखे असणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून झालेला. लॅटिनमधून सोळाव्या शतकात तो इंग्रजीत आला.

चर्चमधला अर्थ नीट समजून घ्यावा. ख्रिस्ती धर्माच्या ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडील) परंपरेत हे पूजेचे चित्र काढताना लाकडी फळीवर आधी कापड चिकटवतात. त्यावर खडूची भुकटी आणि सरस यांचे अनेक पातळ थर देऊन घासतात. मग सोन्याचा वर्ख आणि शेवटी अंड्याच्या बलकात कालवलेले रंग, गडदाकडून फिकटाकडे. कापड लावले नाही तर दमट हवेने फळी फुगते-आकसते आणि तिचा तडा थेट चित्रात उतरतो. सरस जास्त झाला तरी थर तडकतात. बायझंटाइन (पूर्व रोमन) साम्राज्यात आठव्या शतकात या प्रतिमांवर बंदी आली. ७८७ मध्ये निकिया येथील धर्मपरिषदेने ती उठवली, पुन्हा आली आणि ८४३ मध्ये कायमची गेली. ‘आयकॉनोक्लास्ट’ हा शब्द त्या वादातला. आपला ‘मूर्तिभंजक’ त्याला चपखल बसतो.

संगणकाच्या पडद्यावरच्या चित्रांना डेव्हिड कॅनफील्ड स्मिथ यांनी १९७५ च्या प्रबंधात हे नाव दिले. ॲपलच्या १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकासाठी सुझन केअर यांनी ३२ × ३२ चौकटींत अशी चित्रे काढली. वर्गात करून पाहा : आलेखाच्या कागदावर तेवढ्या चौकटी आखून सोलापुरी चादरीवरचा मोर भरा. तिरकी रेघ पायऱ्यांसारखी दिसेल, मान एकाच चौकटीची ठेवली तर लांबून हरवेल. दोन चौकटी द्या आणि पिसाऱ्यातले बारकावे सोडून द्या.

व्यक्तीसाठी हा शब्द विसाव्या शतकात रुळला : एखाद्या काळाची किंवा गुणाची जणू मूर्तीच असलेला माणूस. म्हणून फलकावर ‘आदर्श’, ॲपसाठी ‘चिन्ह’, चर्चसाठी ‘प्रतिमाचित्र’ लिहावे. सरसकट ‘प्रतीक’ नको. कचरापेटीचे चित्र कचरापेटीसारखे दिसते, ती प्रतिमा. ब्लूटूथची खूण बिनतारी जोडणीसारखी दिसत नाही, ते प्रतीक. हा भेद तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स यांनी मांडला.

प्रश्न : ‘इमोजी’ही यातूनच आला का?

उत्तर : नाही. तो जपानी आहे : ‘ए’ म्हणजे चित्र, ‘मोजी’ म्हणजे अक्षर. ‘इमोटिकॉन’मध्ये (:-) सारख्या टंकलेल्या खुणांच्या चेहऱ्यामध्ये) मात्र ‘इमोशन’ला आयकॉन जोडलेला आहे.